तासाभरात मांडलेला डाव

मराठी लेखकाला एक तास नवा नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या निमित्तानं पुण्यातली कॉलेजची मुलं १९६३ पासून एकांकिका करत आली आहेत. मुंबईत सवाई आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत लहानमोठ्या स्पर्धा आहेत. तिसरी घंटा होते, पडदा उघडतो आणि तासाच्या आत सगळ्याचा निकाल लागलेला असतो. पुढं नाटक, सिनेमा, मालिका लिहिणाऱ्या कितीतरी जणांचा हात याच तासावर बसला. त्यामुळे तासाभराच्या मालिकेचा पहिला भाग, म्हणजे धंद्याच्या भाषेत पायलट, लिहायचा म्हटलं की आपला गडी निर्धास्त असतो. तास तर तास, त्यात काय!

घोळ होतो तो इथंच. एकांकिकेचा तास हिशेब चुकता करायला असतो. बाप आणि मुलगा समोरासमोर येतात, चाळीस मिनिटं दाबून ठेवलेलं एकदाचं ओकतात, प्रकाश मंद होतो, टाळ्या. पायलटच्या तासात उधारी वाढवायची असते. प्रेक्षक उठताना त्याच्या डोक्यात सुरुवातीपेक्षा जास्त प्रश्न हवेत, आणि तरी आपल्याला काहीच दिलं नाही असं त्याला वाटता कामा नये. आमच्याकडे, विरारजवळच्या आगाशीतल्या लेखनवर्गात, शिकायला येणारी बहुतेक मुलं एकांकिकेतून येतात. त्यांचे पहिले खर्डे वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: लिहिणाऱ्याच्या अंगात बळ असतं, संवाद खणखणीत असतात, आणि पंचावन्नाव्या पानावर मालिका मेलेली असते. दुसऱ्या भागात करायला काही उरलेलंच नसतं.

दुसरी फळी येते रोजच्या मालिकांमधून. त्यांची अडचण बरोबर उलटी. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता बावीस-तेवीस मिनिटं हातात राहतात. तिथं कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वाहिनीला भागांची बँक हवी असते, सेटवर युनिट खोळंबलेलं असतं आणि संवादलेखक सकाळच्या सीनचं पान रात्री पाठवतो. या कामाला नाकं मुरडणाऱ्यांनी ते महिनाभर करून बघावं. दिवसाला एक भाग पाडणं हे कसब आहे. सह्याद्रीवरची ‘दामिनी’, १९९९ साली अल्फा मराठीवर आलेली ‘आभाळमाया’, पुढं ‘वादळवाट’, ‘असंभव’, ‘अग्निहोत्र’: या मालिकांनी मराठी घरातल्या संध्याकाळचं वेळापत्रक बदललं, ते काही गंमत म्हणून नव्हे. पण या कामात हाताला एक सवय लागते. गोष्ट पुढं सरकू न देता प्रेक्षकाला धरून ठेवायचं. दार वाजलं, कोण आलं ते उद्या. रविवारी महाएपिसोड येतो तेव्हा तासभर मिळतो खरा, पण तो दोन-तीन भागांची गाठ मारून केलेला तास. त्याला स्वतःचा कणा नसतो.

या दोन्हींच्या मधला जो तास आहे, त्याच्यासाठी हे पुस्तक आहे.

पायलट ही अमेरिकन टीव्हीची चीज. तिथल्या नेटवर्कांनी वर्षानुवर्षं असा रिवाज ठेवला की आधी संहिता विकत घ्यायची, त्यातल्या मोजक्यांचा एक भाग चित्रित करायचा आणि तो बघून मालिका करायची की नाही ते ठरवायचं. म्हणजे पायलट हा एकाच वेळी पहिला भागही असतो आणि अर्जही. जाहिरातींमुळे तिथं तासाचे चार-पाच अंक पडले, आणि सुरुवातीला शीर्षकाच्या आधीचा एक झटका. वेगळे पैसे मोजून घ्यायच्या प्रीमियम केबलवर जाहिरात नाही, तिथं अंक दिसेनासे झाले, पण आतली वळणं तशीच राहिली. आपल्याकडे दूरदर्शनवर प्रायोजित मालिका तेरा भागांच्या असत. ‘हम लोग’ १९८४ साली सुरू झाली, लांबत गेली आणि रोजच्या कौटुंबिक मालिकेचा रस्ता खुला झाला. तासाभराची सवय हिंदीत ‘सीआयडी’नं लावली. शिवाजी साटमांचा प्रद्युम्न दार तोडायला सांगायचा, आणि तासाअखेर खुनी सापडायचा. प्रकरण तिथं मिटलं. पुढच्या आठवड्यात नवं प्रेत.

२०१८ च्या जुलैत ‘सेक्रेड गेम्स’ आली तेव्हा फरक पडला. विक्रम चंद्रा यांची जाडजूड कादंबरी वरुण ग्रोव्हर, स्मिता सिंग आणि वसंत नाथ यांनी मालिकेत बसवली, पहिला मोसम आठ भागांचा. तिचा पहिला भाग वही-पेन घेऊन बघावा. उंच इमारतीच्या खिडकीतून कुत्रा खाली पडतो, इथून सुरुवात. मग गणेश गायतोंडे नावाचा फरार डॉन सरताज सिंग या अडगळीत पडलेल्या पोलीस इन्स्पेक्टरला फोन करतो, पंचवीस दिवसांत या शहराचं काय होणार ते सांगतो, आणि भाग संपता संपता स्वतःला गोळी घालतो. ज्याच्या नावावर मालिका विकली जाणार, तो माणूस पहिल्याच तासात मारायचा! एकांकिकेत हा शेवट ठरला असता. इथं त्याच्या मरणानं घड्याळ सुरू होतं. सरताजपाशी पंचवीस दिवस आहेत आणि ज्याला विचारायचं तोच उरलेला नाही. गायतोंडेचं पूर्वायुष्य त्याच्याच तोंडून पुढं चालू राहतं, म्हणजे नट हातचा गेला नाही आणि दोन काळांची वीण पहिल्याच भागात पडली. केवढा हिशेबी माणूस लागतो असं लिहायला.

अमेरिकेतल्या ‘मॅड मेन’ या मालिकेचा पायलट मॅथ्यू वाइनर यांनी कोणी मागितलेला नसताना लिहिला होता. त्या संहितेवर त्यांना आधी ‘द सोप्रानोज’मध्ये नोकरी मिळाली, आणि मालिका पडद्यावर आली २००७ मध्ये, कितीतरी वर्षांनी. त्यात जाहिरातवाला डॉन ड्रेपर दिवसभर सिगारेट विकण्याची युक्ती शोधत फिरतो, रात्र एका चित्रकार मैत्रिणीकडे काढतो, दुसऱ्या एका बाईकडे ओढला जातो. अगदी शेवटी तो उपनगरातल्या घरी येतो, तर तिथं बायको आणि झोपलेली दोन मुलं. गोळी नाही, प्रेत नाही. फक्त एक माहिती तासभर मागं ठेवली होती. त्या एका माहितीनं मागचा सगळा तास पुन्हा बघावासा वाटतो, पुढची मालिका कशाबद्दल आहे तेही कळतं.

मराठीतही आता या वाटेनं काम होऊ लागलंय. २०२४ मध्ये आलेली ‘मानवत मर्डर्स’ हे जवळचं उदाहरण. परभणी जिल्ह्यातल्या मानवतचं १९७२ ते ७४ मधलं हत्याकांड, त्याचा तपास करणारे रमाकांत कुलकर्णी आणि त्यांनी लिहिलेलं पुस्तक, यांवरून गिरीश जोशी यांनी मालिका लिहिली, आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केली. मराठवाड्यातल्या घराघरांत ही गोष्ट आधीच सांगून झालेली होती. खुनी कोण हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तासभर कसं बसवायचं, हा प्रश्न प्रत्येक होतकरू लेखकानं स्वतःला घालून बघावा, कारण उत्तर दडवून ठेवण्यावर जगणारा पायलट दुसऱ्यांदा बघवत नाही.

आता आगाशी. एखाद्या गावातून पायलट कसा काढतात, हे पुस्तकभर एकाच उदाहरणानं दाखवलंय, आणि ते गाव मुद्दाम पायाखालचं घेतलंय. विरार स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षानं थोडं आत आलं की इमारती विरळ होतात आणि वाड्या लागतात. भवानीशंकराचं देऊळ, तळं, जैन मंदिरात येणारे यात्रेकरू, पुढं अर्नाळ्याचा समुद्र. सोळाव्या शतकात इथं जहाजं बांधली जात. पोर्तुगीजांनी हे बंदर जाळलंही. एवढं सांगितलं की नवा लेखक लगेच पोर्तुगीजांपासून सुरू करतो. त्याला अडवावं लागतं. इतिहास मालिकेच्या बायबलमध्ये, म्हणजे पात्रं, जागा आणि पुढच्या भागांची टिपणं असलेल्या वहीत, हवा तेवढा लिहावा. पायलटच्या पानावर त्यातलं वाकून दिसेल तेवढंच यावं.

आम्ही सुरुवात बावखलापासून केली. वसईबाहेरच्या वाचकासाठी: बावखल म्हणजे वाडीतलं जुनं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्याचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आसपासच्या विहिरी गोड राहतात. समुद्र हाकेवर असताना केळी, पानवेली, भाजी पिकते ती याच्या जिवावर. बावखल बुजलं की जागा मोकळी होते, आणि मोकळ्या जागेला विरारच्या आसपास काय भाव आहे ते सांगायला नको. पाण्यावरून, टँकरवरून, हरित पट्ट्यावरून इथं १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आंदोलनं झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव त्याच चळवळीतून महाराष्ट्राला कळलं, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते पुढं २०२० मध्ये झाले. २००९ साली वसई-विरार महापालिका आली आणि कोणती गावं आत, कोणती बाहेर, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. म्हणजे नाट्य आयतं आहे. अडचण हीच की ते सगळं बातमीत आलेलं आहे, आणि बातमीला पात्र नसतं.

आमची पात्रं काल्पनिक आहेत. एक आत्या, पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली. वाडी आणि सुकेळ्यांचा धंदा तिच्या हातात. तिचा धाकटा भाऊ, विरारला इस्टेट एजंट. त्याची मुलगी, महापालिकेत कनिष्ठ अभियंता. आणि आजोबा, अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेले. पहिल्या दोन मिनिटांत संवाद नाही. पहाटे आत्या पंप सुरू करायला जाते आणि बावखल अर्धं बुजलेलं. विटा, सिमेंटचे तुकडे, फुटक्या फरश्या. रात्री डंपर आला, कुणाला आवाज कसा आला नाही? त्या राडारोड्यात एक संगमरवरी पाटी आहे, घराच्या दारावर असते तशी, निम्मी तुटलेली. नाव अर्धंच वाचता येतं. कुणाचं घर पाडून इथं आणून टाकलं, हा धागा मोसमभर पुरतो. पायलटमध्ये त्याला फक्त हात लावायचा.

या मांडणीत गाडं पुढं ओढणारी गोष्ट कोणती? बावखल? नाही, ते एकदाच बुजतं. पुतणीची नोकरी. तिच्या टेबलावर दर आठवड्याला वेगळ्या गावाची वेगळी तक्रार येणार: आज वाडी, उद्या कोळीवाड्यातली भिंत, परवा कुठल्या चाळीचं पाणी. प्रत्येक भागाला स्वतःचं एक प्रकरण मिळालं, आणि तळाशी घरातला मामला धुमसत राहिला. ‘सीआयडी’नं जे एका टोकाला नेलं आणि रोजच्या मालिकेनं दुसऱ्या, ते इथं एका माणसात एकत्र आलं. हा शोध लागेपर्यंत आमच्या गटात दोन महिने नुसती आत्याच्या दुःखाची चर्चा चालू होती. आत्या छान होती. मालिका नव्हती.

एक दृश्य जवळून दाखवतो. दुपार, वाडीतलं अंगण, राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घातलीत. चांगलं पिकलेलं केळं असं काही दिवस रोज उलटत-पालटत वाळवावं लागतं, मग सुक्या केळीच्या पानात बांधलं की सुकेळं बाजारात जातं. घाई चालत नाही. पहिल्या खर्ड्यात एका मुलानं इथं आत्याला दीड पानाचं भाषण दिलं होतं: ही वाडी तुझ्या पणजोबांनी लावली, या मातीत घाम गाळला, वगैरे. ऐकायला बरं. पण पुतणी याच घरात वाढली आहे, तिला हे कुणी का सांगावं? दुसऱ्या खर्ड्यात ते असं झालं:

आत्या : (केळी उलटत, वर न बघता) तुझा बाप झोपला?
पुतणी : पप्पा फोनवर आहेत.
आत्या : दार लावून?
पुतणी : एसी चालू आहे गं, म्हणून.
आत्या : एसी काल बिघडला.

पाच ओळी. आत्याला संशय आहे, पुतणी बापाला पाठीशी घालते आहे, आणि तिनं तसं केलं हे तिघांपैकी दोघांना कळलं. वाडीचं नाव कुणी काढलं नाही. हात केळ्यांवर चालूच आहे, म्हणून नटीला बोलण्याखेरीज काही करायला मिळालं. दृश्यात माणसाच्या हाताला काम द्या, हा आमच्या वर्गातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी पडलेला सल्ला.

भाषेचा प्रश्न इथं लगेच उभा राहतो. या पट्ट्यात वाडवळी बोलतात, सामवेदी लोक कादोडी बोलतात, अर्नाळ्याला कोळ्यांची वेगळी बोली. पायलट वाचणारा माणूस अंधेरीच्या ऑफिसात बसलेला, त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. सगळं बोलीत लिहिलं तर तो तिसऱ्या पानावर थांबतो. सगळं पुस्तकी लिहिलं तर आगाशी जाते. आमचा तोडगा: आत्या आणि आजोबा यांच्यातच बोली, पुतणी घरात सरमिसळ आणि कचेरीत प्रमाण मराठी. ती कचेरीतल्या खुर्चीत बसून फोनवर चुकून घरच्या बोलीत बोलते तेव्हा शेजारचा कारकून मान वर करतो. बोली ऐकीव लिहू नये. ती बोलणारं माणूस गाठून वाचून घ्यावी, आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत घालावं.

आता शेवट, ज्याच्यावर आमच्याकडे सर्वांत जास्त भांडणं झाली. पुतणीला फाइलमध्ये जागा भरायची संमती सापडते. खाली आजोबांच्या उजव्या अंगठ्याचा ठसा, तारीख अर्धांगवायूनंतरची. म्हणजे तो निर्जीव अंगठा घरातल्याच कुणीतरी धरून उमटवला. एकांकिकेतून आलेल्या सगळ्यांनी एकमुखानं मुलगी आणि बाप समोरासमोर आणले. एकानं तर आजोबांना डाव्या हातानं काठी आपटायला लावली. जोरदार दृश्य होतं, आणि त्यानंतर मालिका बंद. बापानं कबूल केलं की उरलं काय?

पुस्तकात छापलेल्या खर्ड्यात पुतणी घरी येते. चौघं जेवायला बसतात, आत्या वाढते, बाप मुलीच्या पानात आपल्या वाट्याची माशाची तुकडी टाकतो. ती खाते. दुसऱ्या दिवशी आत्याचा तक्रारअर्ज तिच्या टेबलावर आहे. परत पाठवता येईल, हरवता येईल, असे अर्ज हरवतातच. ती उठून आवक-जावकच्या टेबलाशी जाते आणि त्यावर आवक क्रमांक घालून घेते. कागदाला क्रमांक पडला की तो कचेरीचा झाला, आता मागं घेणं तिच्याही हातात नाही. बापाला अजून काही ठाऊक नाही. भाग इथं संपतो. झाडलेल्या गोळीसारखंच हे पाऊलही मागं घेता येत नाही, आणि चित्रीकरणाला एक शिक्का आणि एक रजिस्टर पुरतं. (खर्चाचा विचार लेखकानं करू नये म्हणणारे सहसा स्वतःच्या खिशातून काही करत नसतात. विरारहून तिसरं स्टेशन नायगाव, तिथं मालिकांचे सेट लागतात. एकदा जाऊन बघावं, रात्रीचं एक बाह्य दृश्य म्हणजे किती माणसं, किती दिवे.)

अशा गोष्टीसाठी कागदपत्रं वाचावी लागतात. आम्ही सातबारा कसा वाचतात, फेरफार कुठं नोंदतात, संमतीपत्रावर साक्षीदार कोण लागतो, हे माहीतगारांना विचारून घेतलं. त्यातूनच अंगठा आला. कल्पनेला तो सुचला नसता.

तांत्रिक भाग पुस्तकात आहे, इथं थोडक्यात. पन्नास ते साठ पानं, पानाला एक मिनिट, हा हिशेब इंग्रजीतल्या कुरिअर बारा पॉइंटचा. देवनागरीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. फाँट बदलला की पानं बदलतात. म्हणून संहिता दोघा-तिघांनी मोठ्यानं वाचावी आणि मोबाइलवर वेळ लावावी, मुक्या दृश्यांनाही त्यांचा वेळ द्यावा. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहितेची नोंदणी करूनच ती बाहेर पाठवावी. कायद्यानं संरक्षण मिळतं ते लिहिलेल्या मजकुराला, नुसत्या कल्पनेला नाही. तेव्हा चहाच्या टपरीवर सांगितलेली गोष्ट गेली तर गेली. २०१२ च्या दुरुस्तीनं लेखकाचा रॉयल्टीचा हक्क कॉपीराइट कायद्यात पक्का झाला, करारावर सही करण्यापूर्वी ते प्रकरण वाचावं. शिकायचंच असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमा, टीव्ही आणि वेब मालिकांच्या लेखनाचा अभ्यासक्रम आहे. तिथं जाणं प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून तर हे पुस्तक.

पायलट झाला की पुढच्या सात भागांची गोष्ट प्रत्येकी चार ओळींत लिहावी. तिसऱ्या-चौथ्यालाच पेन अडलं तर नवीन वळणं शोधत बसू नये. पायलटकडे परत यावं आणि त्यात काय फार लवकर सांगून टाकलंय ते बघावं. आमच्या आत्याच्या गोष्टीत ती पाटी पहिल्या खर्ड्यात पूर्ण होती, नाव स्वच्छ वाचता येत होतं. पाचव्या भागात अडल्यावर ती फोडली.

आगाशीचा पूर्ण पायलट शेवटच्या प्रकरणात छापला आहे. तो आधी वाचायचा मोह होईल. पण पाचव्या प्रकरणापर्यंतचे स्वाध्याय करून, स्वतःच्या गावातलं एक घर आणि एक कचेरी वहीत उतरवून मग तिकडं वळावं. उलट क्रमानं गेलेल्यांच्या संहिता मी तपासल्या आहेत. कोल्हापूरची मावशी असो की अकोल्याची काकू, सगळ्या माझ्या आत्यासारख्या बोलायला लागतात आणि अंगणात केळी वाळवत बसतात.